गचक्याचा इतिहास: हायब्रिड गाडी हळू चालतानाच हिसका का देते?

आजचा भाग एका गचक्याबद्दल आहे.

हायब्रिड गाडी ज्यांनी चालवलीय, किंवा अशा गाडीत मागच्या सीटवर बसून ज्यांनी ट्रॅफिकमधून प्रवास केलाय, त्यांना हा गचका माहीत असेल. सिग्नल सुटतो. गाडी आवाज न करता पुढे सरकते. मग दहा-वीसच्या वेगाला कुठेतरी बॉनेटखाली इंजिन जागं होतं आणि गाडी किंचित अंग झटकते. किंवा याच्या उलट. पुढच्या गाडीमागे थांबताना ब्रेक छान मऊ लागत असतो आणि शेवटच्या दोन मीटरला एकदम पकडतो. मान पुढे जाते, हातातला चहा हिंदकळतो. हीच गाडी ऐंशीच्या वेगाला लोण्यासारखी चालते. मग हळू चालतानाच हिला काय होतं?

विचारायला गेलं की बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘हायब्रिड आहे ना, असंच असतं.’ हे उत्तर अर्धं खरं आहे. आणि उरलेल्या अर्ध्यापायी २०१० साली टोयोटासारख्या कंपनीला चार लाख सदतीस हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. ती गोष्ट आपण बघणारच आहोत. पण त्यासाठी आधी सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल.

दोन बैल, एक जू

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. पेट्रोल इंजिनाला शून्यातून सुरुवात करता येत नाही. ते आधी स्वतः फिरत असलं पाहिजे, मगच ते चाक फिरवू शकतं. उभ्या गाडीला थेट इंजिन जोडलं तर इंजिन बंद पडतं. म्हणून तर क्लच आला. गाडी शिकताना आपण सगळ्यांनी जे गचके खाल्ले, ते याच कारणाने. फिरतं इंजिन आणि थांबलेलं चाक यांची गाठ डाव्या पायाने हळूच घालून द्यायची असते, आणि तो पाय तयार व्हायला वेळ लागतो.

विजेच्या मोटरचं तसं नसतं. शून्यावर उभी असतानाच ती पूर्ण जोर लावू शकते. क्लच नको, गिअर नको. मग अडचण काय? बॅटरी. ती जड, महाग, आणि लवकर संपणारी.

म्हणजे एकाकडे दम आहे पण सुरुवात जमत नाही, दुसरीकडे सुरुवात झकास आहे पण दम नाही. दोघांना एकाच गाडीला जुंपायचं, ही कल्पना सुचणं अगदी साहजिक होतं. पण ज्यांनी बैलगाडी जवळून पाहिलीय त्यांना हेही माहीत असेल की जोडीतला एक बैल अर्धं पाऊल आधी निघाला की जूला हिसका बसतो. हायब्रिड गाडीचा सगळा इतिहास हा हिसका घालवायच्या खटपटीचा इतिहास आहे.

१९००: ज्या गाडीला सांधाच नव्हता

पहिली मोठी खटपट व्हिएन्नात झाली. लुडविग लोनर यांच्या बग्ग्या बनवणाऱ्या कारखान्यात फर्डिनांड पोर्श नावाचा एक तरुण काम करत होता. हो, तेच पोर्श, ज्यांच्या नावाच्या गाड्या आज आपण रील्समध्ये बघतो. त्याने चाकाच्या आतच मोटर बसवली. त्या मोटरांना वीज पुरवायला बॅटरी होती, आणि ती कमी पडू नये म्हणून गाडीत दोन छोटी पेट्रोल इंजिनं ठेवली. इंजिनं फक्त जनित्र फिरवणार, जनित्र वीज तयार करणार, आणि चाकं फिरवणार ती फक्त मोटर. गाडीचं नाव ठेवलं ‘सेम्पर व्हायव्हस’. लॅटिनमध्ये याचा अर्थ ‘सदा जिवंत’.

इथे गंमत बघा. या गाडीत इंजिन आणि चाक यांच्यात लोखंडी जोड काहीच नव्हता, मधे फक्त वायर. त्यामुळे इंजिन चालू झालं काय, बंद पडलं काय, चाकाला त्याचा हिसका पोचायला वाट नव्हती. आपल्या रेल्वेची डिझेल इंजिनंही साधारण याच तत्त्वावर चालतात. डिझेल इंजिन वीज तयार करतं आणि मोटर चाकं ओढते.

मग प्रश्न तिथेच का नाही सुटला? कारण गाडीत सगळंच दुप्पट झालं. इंजिन, जनित्र, बॅटरी, मोटर. वजन वाढलं, किंमत वाढली. त्यावर पेट्रोलची वीज करायची आणि विजेची पुन्हा गती करायची, यात दर पायरीला थोडी ऊर्जा वाया जाते. म्हणून इंजिनाचा जोर थेट चाकापर्यंत नेता आला तर बरं, असा विचार पुढे आला. आणि जोड आला की सांधा आला.

१९१६: ताशी २४ किलोमीटरचा उंबरठा

शिकागोची वूड्स मोटर व्हेइकल कंपनी आधी विजेच्याच गाड्या बनवायची. १९१६ च्या सुमारास तिने ‘वूड्स ड्युअल पॉवर’ आणली. इंजिनही, मोटरही. क्लचचं पेडल नाही, गिअर बदलायची कटकट नाही. स्टिअरिंगवर दोन छोट्या दांड्या, एक विजेची, एक पेट्रोलची.

हिची कामाची वाटणी ऐका. ताशी १५ मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २४ किलोमीटरपर्यंत, एकटी मोटर गाडी ओढणार. त्यापुढे चुंबकी क्लचने इंजिन जोडायचं. जास्तीत जास्त वेग ताशी ३५ मैल, म्हणजे ५६ किलोमीटर.

आजच्या हायब्रिडमध्ये ज्या वेगाच्या पट्ट्यात तुम्हाला गचका जाणवतो, जवळपास तिथेच हा उंबरठा शंभर वर्षांपूर्वीही होता. हा योगायोग नाही. मोटरचं राज्य कमी वेगाला, इंजिनाचं जास्त वेगाला, हे दोघांच्या स्वभावातच आहे. त्यामुळे राज्य बदलण्याची जागा शहरी ट्रॅफिकच्या वेगातच येते. फरक एवढाच की तेव्हा हा बदल ड्रायव्हर स्वतः हाताने करायचा. हिसका कधी बसणार हे त्याला आधीच माहीत असायचं. आज हा निर्णय कॉम्प्युटर घेतो, आणि तुम्हाला विचारून घेत नाही.

वूड्स चालली नाही. तिची किंमत अडीच हजार डॉलरच्या वर होती, आणि त्याच सुमाराला फोर्डची मॉडेल टी चारशे डॉलरच्या आत मिळत होती. त्यातच १९१२ मध्ये कॅडिलॅकने चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ-स्टार्टर बसवला होता. हँडल मारायची सक्ती गेली आणि पेट्रोल गाडीतली सगळ्यात मोठी अडचण संपली. दोन बैलांची गरजच उरली नाही. पुढची पन्नासेक वर्षं हायब्रिड विस्मरणात गेली.

४९ दिवस न हललेली गाडी

सत्तरच्या दशकात प्रदूषण आणि तेलटंचाईमुळे ही कल्पना पुन्हा जिवंत झाली. अमेरिकेत टीआरडब्ल्यू कंपनीच्या अभियंत्यांनी १९७१ मध्ये ग्रहमालेसारख्या रचनेचे गिअर वापरून इंजिन आणि मोटर जोडायची पद्धत मांडली. व्हिक्टर वूक या अभियंत्याने ब्यूक स्कायलार्क गाडीची हायब्रिड करून १९७४ मध्ये सरकारी चाचणीला दिली. पण सरकारने तो प्रकल्प पुढे नेला नाही. इंजिन आणि मोटर यांच्यात क्षणाक्षणाला ताळमेळ ठेवणारा स्वस्त, छोटा कॉम्प्युटर तेव्हा गाडीत बसेल अशा स्थितीतच नव्हता.

मग येतं जपान. १९९३ मध्ये टोयोटाने ‘जी २१’ नावाचा प्रकल्प सुरू केला. एकविसाव्या शतकाची गाडी कशी असेल, हा प्रश्न होता. प्रमुख होते ताकेशी उचियामादा. त्यांच्या चमूने इंधनाचं अॅव्हरेज दीडपट करून दाखवायची योजना मांडली. वरिष्ठांनी सांगितलं, दीडपट नको, दुप्पट करा. नुसतं इंजिन सुधारून दुप्पट होणार नव्हतं, म्हणून हायब्रिड.

१९९५ च्या शेवटी पहिली चाचणी गाडी तयार झाली आणि जागची हललीच नाही. एक-दोन दिवस नाही, तब्बल ४९ दिवस. सुटे भाग आपापल्या जागी होते, पण इंजिन, दोन मोटर, बॅटरी आणि सॉफ्टवेअर यांचा मेळ बसत नव्हता. अखेर हलली तेव्हा जेमतेम काही शे मीटर गेली. तिथून दोन वर्षांत, डिसेंबर १९९७ मध्ये प्रियस जपानमध्ये विक्रीला आली.

प्रियसच्या पोटात काय होतं? एक ग्रहमाला. मधला ‘सूर्य’ गिअर एका मोटरला जोडलेला, भोवती फिरणाऱ्या ‘ग्रहां’ची चौकट इंजिनाला, आणि बाहेरचं कडं दुसऱ्या मोटरला आणि चाकांना. क्लच नाही. तिघेही कायम एकमेकांत अडकलेले. इथे आपला गचका नव्या रूपात आला. चालत्या गाडीत इंजिन सुरू करायचं तर सूर्याकडची मोटर त्याला फिरवणार. पण ती जोर लावते तेव्हा त्याची उलटी प्रतिक्रिया कड्यावर, म्हणजे चाकांवर येते. एका होडीतून दुसरीला ढकललं की आपली होडीही मागे जाते ना, तसं. हा मागचा ओढा जाणवू नये म्हणून दुसऱ्या मोटरने त्याच क्षणी तेवढाच जास्तीचा जोर पुढे लावायचा. जास्त लावला तर गाडी पुढे उसळते, कमी लावला तर अडखळते.

त्याशिवाय इंजिन पहिले काही फेरे फिरताना सिलिंडरमधली हवा दाबली जाते आणि प्रत्येक दाबाला एक धक्का बसतो. म्हणून प्रियसच्या इंजिनात झडपा उशिरा बंद करून तो दाब कमी केला, आणि आधी मोटरने इंजिनाला वेगात फिरवून मगच पेट्रोल सोडलं. तुम्हाला जो अर्ध्या सेकंदाचा कंप जाणवतो, त्यामागे एवढं सगळं चाललेलं असतं.

आणि तो हळू चालतानाच का जाणवतो? ऐंशीला वाऱ्याचा, टायरचा, रस्त्याचा आवाज त्याला झाकतो. दहाला सगळं शांत असतं. वर आपल्या कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा वेगापेक्षा वेगातला बदल पटकन टिपते.

ब्रेकचा सांधा आणि फेब्रुवारी २०१०

आता खरी गंभीर गोष्ट. हायब्रिडमध्ये दुसराही एक सांधा आहे, ब्रेकचा. तुम्ही पेडल दाबता तेव्हा आधी मोटर उलटी जनित्रासारखी वागते, गाडीची गती विजेत बदलून बॅटरीत भरते. पण गाडी अगदी हळू झाली की मोटरकडून पुरेसा अडथळा मिळत नाही. मग नेहमीचे ब्रेक पॅड काम हाती घेतात. ही अदलाबदल पेडलखालच्या पायाला कळता कामा नये. सिग्नलपाशी शेवटच्या दोन मीटरला जे ‘पकडणं’ जाणवतं, ते बहुतेक वेळा हेच.

तिसऱ्या पिढीची प्रियस २००९ मध्ये आली आणि जपानमध्ये तुफान खपली. काही महिन्यांतच जपान आणि अमेरिकेतून एकसारख्या तक्रारी यायला लागल्या. खडबडीत किंवा बर्फाळ रस्त्यावर, कमी वेगात ब्रेक दाबला की क्षणभर ब्रेक सुटल्यासारखा वाटतो. पेडल आणखी दाबलं की गाडी थांबते, पण तो एक क्षण पोटात गोळा आणतो. अमेरिकेच्या वाहन सुरक्षा यंत्रणेकडे अशा शंभराहून जास्त तक्रारी होत्या.

कारण सॉफ्टवेअरमध्ये होतं. चाक घसरतंय असं वाटून एबीएस जागं झालं की मोटरचं ब्रेकिंग थांबून सगळं काम पॅडकडे जायचं. त्या हस्तांतरणात किंचित उशीर व्हायचा, आणि तेवढा वेळ पायाला अपेक्षित असलेल्यापेक्षा ब्रेक कमी लागायचा.

४ फेब्रुवारी २०१० ला कंपनीच्या गुणवत्ता विभागाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने पत्रकारांसमोर जी बाजू मांडली, तिचा सूर असा होता की हा ड्रायव्हरच्या जाणिवेचा प्रश्न आहे. म्हणजे ब्रेक लागतोच, तुम्हाला वेगळं वाटतं एवढंच. जपानचे वाहतूकमंत्री सेइजी माएहारा यांनी त्यावर जाहीरपणे टीका केली, की कंपनी ग्राहकाच्या नजरेतून बघायला कमी पडतेय. आणि एक गोष्ट लोकांना जास्त झोंबली. जानेवारीपासून कारखान्यातून निघणाऱ्या नव्या गाड्यांमध्ये सॉफ्टवेअर आधीच बदललेलं होतं. ज्यांनी आधी गाडी घेतली, त्यांना मात्र काही सांगितलेलं नव्हतं.

पाच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, रिकॉल जाहीर झाला. प्रियस आणि तिच्या भावंडांसकट जगभरात सुमारे चार लाख सदतीस हजार गाड्या. दुरुस्ती काय होती? नवं सॉफ्टवेअर, बस. एकही नट बदलायचा नव्हता.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. ‘जाणीव’ आणि ‘बिघाड’ अशा दोन वेगळ्या पेट्या केल्या की ग्राहकाचं म्हणणं नेहमी पहिल्या पेटीत पडतं. पण ब्रेकच्या बाबतीत जाणीव हीच माहिती असते. पायाला जे कळतं त्यावरच माणूस पुढचं पाऊल ठरवतो. पाय गोंधळला की गाडीही धोक्यात येते.

गचका लपवणारे आणि गचका टाळणारे

यानंतर कंपन्यांचे दोन रस्ते पडले.

एक रस्ता, सांधा ठेवायचा पण सफाईने जोडायचा. होंडाने सप्टेंबर २०१३ मध्ये जपानमध्ये नवी फिट हायब्रिड आणली. तिच्यात सात गिअर, दोन क्लच आणि एक मोटर अशी गुंतागुंतीची जोडणी होती. कागदावर उत्तम. पण पुढच्या जेमतेम वर्षभरात पाच रिकॉल झाले, त्यातले काही याच गिअरबॉक्सच्या नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरसाठी. कधी गाडी उभ्यावरून निघायलाच तयार नाही, अशी परिस्थिती. ऑक्टोबर २०१४ मध्ये कंपनीचे अध्यक्ष ताकानोबु इतो यांनी तीन महिने २० टक्के पगार कमी घेतला. २०२० च्या नव्या फिटमध्ये ती पद्धत गेली. तिथे दोन मोटरची रचना आली, ज्यात शहरात चाकं मुख्यतः मोटरच फिरवते आणि इंजिन बहुतेक वेळ वीज बनवत बसतं.

ह्युंदाईने २०१९ मध्ये वेगळी युक्ती काढली. गिअर बदलताना मोटरनेच सेकंदाला ५०० वेळा वेग तपासून शाफ्टची गती जुळवून घ्यायची. म्हणजे ज्या मोटरमुळे सांधा आला, तिलाच सांधा गुळगुळीत करायला लावायचं.

दुसरा रस्ता, सांधाच नको. २०१६ च्या शेवटी निस्सानने नोट गाडीत ‘ई-पॉवर’ आणलं. इंजिन फक्त जनित्रासाठी, चाकं फक्त मोटरवर. ओळखीचं वाटतं ना? हीच ती १९०० ची व्हिएन्नातली कल्पना. ११६ वर्षांनी मोटर, बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स हलकं आणि स्वस्त झालं, म्हणून ती परवडली. २०१८ मध्ये नोट ही जपानमधली सगळ्यात जास्त खपलेली नोंदणीकृत कार ठरली. छोट्या इंजिनाच्या ‘केई’ गाड्या त्यात धरलेल्या नाहीत.

तिथेही शेवट गोड झाला असं नाही. या गाडीत एक्सलरेटरवरून पाय उचलला की गाडी आपोआप पूर्ण थांबायची. २०२० च्या नव्या नोटमध्ये ते बदललं. आता शेवटी गाडी हळूहळू सरकत राहते आणि थांबवायला ब्रेक लावावा लागतो. पार्किंगमध्ये इंचा-इंचाने गाडी हलवताना तो रांगता वेग हाताशी लागतो. मोटरला खरं तर रांगायची काही गरज नसते. ते रांगणं जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांची सवय झालेल्या पायांसाठी सॉफ्टवेअरने मुद्दाम तयार केलेलं असतं.

आणि आपल्याकडे?

भारतात होंडाने सिव्हिक हायब्रिड २००८ मध्येच आणली होती, प्रियस २०१० मध्ये आली. दोन्ही बाहेरून आयात, दोन्ही महाग. पुण्यातल्या केपीआयटीने भारत फोर्जबरोबर २०१० मध्ये जुन्या गाडीला हायब्रिड करणारा ‘रेव्होलो’ संच मांडला, पण तो रस्त्यावर रुळला नाही. २०१८ मध्ये एमएमआरडीएने वांद्रे-कुर्ला संकुलासाठी टाटाच्या २५ हायब्रिड बस घेतल्या. त्यांची रचनाही व्हिएन्नावाली, चाकं मोटरवर. सामान्य माणसाच्या आवाक्याकडे हायब्रिड सरकली ती २०२२ मध्ये, सिटी, हायरायडर आणि ग्रँड व्हिटारा या गाड्यांमुळे.

आपण या गाड्या घेतो ते अॅव्हरेज बघून. कंपन्या जो आकडा सांगतात, तो पुण्यातल्या एआरएआयसारख्या संस्थेच्या ठरलेल्या चाचणीतून येतो. त्या चाचणीत इंधन आणि धूर मोजतात. गचका मोजत नाहीत. त्यासाठी ब्रोशरमध्ये रकानाच नसतो. तो फक्त तुमच्या मानेला आणि पायाला कळतो, आणि तोही सिंहगड रोडच्या किंवा सायनच्या ट्रॅफिकमध्ये, शोरूमच्या दहा मिनिटांच्या चक्करमध्ये नव्हे.

म्हणून जाता जाता थोडं कामाचं. इंजिन जागं होताना क्षणभराचा कंप, थांबताना शेवटी ब्रेकचं किंचित पकडणं, कसारा घाट उतरताना बॅटरी भरली की ब्रेकचा स्पर्श बदलणं, हे या यंत्राच्या स्वभावात बसतं. पण खड्ड्यावरून जाताना ब्रेक क्षणभर हलका पडला, गाडी उभ्यावरून निघायला नकार द्यायला लागली, किंवा काल नसलेला गचका आज आला आणि रोज वाढतोय, तर ‘असंच असतं’ या उत्तरावर गप्प बसू नका. किती वेग होता, रस्ता कसा होता, चढ की उतार, बॅटरी किती भरलेली होती, एसी चालू होता का, हे मोबाईलवर लिहून ठेवा. आपल्या गाडीसाठी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आलीय का, हे स्पष्ट शब्दांत विचारा आणि उत्तर जॉब कार्डवर लिहून घ्या.

२०१० मध्ये प्रियसच्या मालकांकडे प्रयोगशाळा नव्हती. त्यांच्याकडे फक्त पायाला आलेला अनुभव होता आणि तो पुन्हा पुन्हा सांगायची चिकाटी होती. तेवढ्यावर जगभरातल्या लाखो गाड्यांचे ब्रेक सुधारले.

तुमच्या गाडीचा गचका कोणत्या वेगाला येतो, ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटूच. तोवर गाडी सावकाश हाका!